युरोपातल्या सरदारांनी घोड्यावरून बाण का मारले नाहीत?

खोगीर (धागाकर्ता)

फ्रान्समधल्या बायो गावच्या भरतकामाच्या पटावर १०६६ सालची हेस्टिंग्जची लढाई आहे. जवळजवळ ७० मीटर लांबीचं कापड. नॉर्मन तिरंदाज त्यात भरपूर आहेत, खालच्या किनारीत तर त्यांची रांगच लागली आहे, पण सगळे पायी. पार शेवटी, इंग्रज पळत सुटलेत आणि नॉर्मन स्वार मागे लागलेत, तिथे एक जण घोड्यावरून धनुष्य ओढताना दिसतो. अख्ख्या पटावर असा हा एकच.

पश्चिम युरोपाला ही विद्या ठाऊक नव्हती म्हणावं, तर तसंही नाही. सहाव्या शतकात आवार आले, आणि त्यांच्याबरोबर लोखंडी रिकिबी आल्या. ८९५च्या सुमारास मग्यार, म्हणजे आजचे हंगेरियन, कार्पेथियन पर्वतांच्या आतल्या मैदानात उतरले. पुढची साठ वर्षं त्यांच्या टोळ्या बव्हेरिया, लोंबार्डी, बरगंडी पालथं घालत होत्या, एकदा तर पार स्पेनपर्यंत गेल्या. हंगेरियनांच्या बाणांपासून आम्हाला वाचव, अशी प्रार्थना इटलीतल्या मोदेना शहरात म्हटली जायची. १०९७ मध्ये आजच्या तुर्कस्तानातल्या दोरिलेयमला क्रुसेडवाल्यांची, म्हणजे युरोपातल्या ख्रिस्ती धर्मयोद्ध्यांची, गाठ सेल्जुक तुर्कांशी पडली. १२४१ मध्ये मोंगल आले. त्यानंतर उस्मानी तुर्क. इतक्या पिढ्या मार खाऊनही फ्रान्स, जर्मनी, इंग्लंडच्या सरदारांनी स्वतः ही कला का उचलली नाही?

बरं, लढाई राहू दे. शिकारीत तरी? या लोकांचं निम्मं आयुष्य घोड्यावर बसून शिकार करण्यात जायचं. पण हातात भाला, तलवार, नाहीतर मनगटावर ससाणा. धनुष्य घ्यायचं तर घोड्यावरून उतरायचं. तिकडे इराणच्या सासानी राजांच्या चांदीच्या तबकांवर पाहा, राजा भरधाव घोड्यावर मागे वळून सिंहावर बाण सोडतोय.

नेहमी मिळणारं उत्तर म्हणजे ‘सरदारांना धनुष्य हलक्या लोकांचं हत्यार वाटायचं.’ माझं त्याने समाधान होत नाही. ज्या हत्याराने जीव जातो ते हत्यार शहाणा लढवय्या नुसत्या मानापायी टाकून देत नाही. माझा अंदाज असा, की जो समाज जशी शिकार करतो तसाच तो लढतो, आणि उत्तर तिथेच कुठेतरी आहे. मतभेद असतील तर मोकळेपणाने मांडा.

गोधडी

वाखूसा (वाचनखूण साठवली). रात्री निवांत वाचते.

कोकणकडा

उत्तर हवेत आहे. घोड्यावर चालणारं आखूड धनुष्य म्हणजे लाकडाच्या पट्टीला आतून शिंग, बाहेरून जनावराचे स्नायू आणि हे सगळं सरसाने चिकटवलेलं. पश्चिम युरोपातला पाऊस आणि धुकं लक्षात घ्या. सरस ओला झाला की धनुष्य उकललंच. गवताळ प्रदेशातल्या कोरड्या हवेतली ही वस्तू तिकडे टिकली नसती. आपल्याकडेही पुढे पोलादी धनुष्यं बनली.

माळरान

कोकणकडा, हे कारण सगळीकडे वाचायला मिळतं, पण एका गोष्टीने ते कोसळतं. मध्ययुगाच्या उत्तरार्धात जर्मनी आणि मध्य युरोपात जे आडवे धनुष्य वापरत, म्हणजे क्रॉसबो, त्यांतल्या पुष्कळांची कमान शिंग आणि स्नायूंचीच असायची. वरून भूर्जाची साल किंवा कातडं चढवून ती ओलीपासून जपत. म्हणजे कारागीर होते, सरस होता, हवेवर उपायही होता. उस्मानी तिरंदाजही दमट इस्तंबूलात राहून हीच धनुष्यं वापरत होते.

माझं उत्तर साधं आहे: गवत. घोड्याला दिवसाला आठ-दहा किलो चारा लागतो. गवताळ प्रदेशातला स्वार एका घोड्यावर मोहिमेला निघत नाही, बदलीला अनेक घोडे बरोबर असतात, आणि ते सगळे चरून जगतात. पश्चिमेत जमीन नांगराखाली किंवा जंगलाखाली. तिथला लढाऊ घोडा तबेल्यात बांधून ओट आणि बार्लीवर पोसायचा. इतक्या महागाचे घोडे किती ठेवणार? थोडेच. मग ते थोडे घोडे एका जोरदार धडकेसाठी राखून ठेवायचे. भाला काखेत दाबून धडक मारणं, हे पश्चिमेचं गणित तिथून आलंय.

ऑग्सबर्गची चिमणी

मी ऑग्सबर्गजवळ राहते. शहराच्या दक्षिणेला लेख नदीच्या काठचं सपाट मैदान म्हणजेच लेखफेल्ड. ९५५ सालच्या १० ऑगस्टला जर्मन राजा ऑटोने मग्यारांना इथे हरवलं. इथल्या लोकांना त्याहून बिशप उलरिखचं कौतुक जास्त, कारण ऑटो येईपर्यंत वेढ्यात शहर त्याने लढवलं.

आधी मग्यारांनी काय केलं ते बघा. त्यांची एक तुकडी नदी ओलांडून ऑटोच्या सैन्याच्या मागे गेली, सामानसुमानाच्या गाड्या लुटल्या आणि पिछाडीच्या तुकड्या उधळल्या. ऑटोच्या बाजूच्या लाल कॉनराड या सरदाराने उलटा हल्ला चढवून तो गोंधळ सावरला. हाच कॉनराड पुढे लढाई तापल्यावर उकाड्याने जीव घाबरा होऊन चिलखताचे बंद सैल करायला गेला आणि नेमका तेवढ्यात बाण त्याच्या गळ्यात शिरला. विजयाच्या दिवशीच गेला. चिलखताच्या एका फटीची ही किंमत.

पश्चिमेकडे यावर उपाय होता. ऑटोचा बाप हेन्री याने ९३३ मध्ये रियाडेला आपल्या स्वारांना काय सांगितलं, ते क्रेमोनाच्या लिउटप्रांडने लिहून ठेवलंय: कुणीही एकट्याने पुढे धावायचं नाही, ओळ धरा, पहिले बाण ढालींवर झेला आणि दुसरा बाण लावायला त्यांना वेळ मिळायच्या आत अंगावर जा. त्याआधी नऊ वर्षांचा तह करून, खंडणी देऊन त्याने वेळ विकत घेतला होता आणि त्या काळात गढ्या बांधल्या, स्वार तयार केले.

म्हणून खोगीरदादा, मला तुमच्या प्रश्नाचा रोखच थोडा चुकीचा वाटतो. शत्रूची विद्या शिकायलाच हवी असं कुठे आहे? तिच्यावर उतारा सापडला की पुरे.

रपेट

चिमणीताईंचा प्रतिसाद आवडला. मी घोड्यावर बसते, आणि हंगेरियन पद्धतीची तिरंदाजी एका शिबिरात शिकले आहे. लायोश कश्शाई यांनी हंगेरीत कापोशमेरोजवळ ही विद्या आपल्या काळात पुन्हा उभी केली, त्यांचीच ही पद्धत. सरळ आखलेल्या पट्टीवरून घोडा दौडत जातो आणि तेवढ्या वेळात पुढे, बाजूला आणि मागे वळून जितके साधतील तितके बाण सोडायचे. बाण भात्यातून एकेक काढत बसत नाहीत. धनुष्य धरलेल्या हातातच चार-पाच बाण मुठीत असतात.

अंगाला काय कळतं ते सांगते. दोन्ही हात गुंतलेले, म्हणजे लगाम सोडून द्यायचा. घोडा मांड्यांनी आणि आपल्या तोलाने चालवायचा. रिकिबीत उभं राहून गुडघ्यांनी धक्के जिरवायचे. दौडत्या घोड्याचे चारही खूर एका क्षणी जमिनीवरून सुटतात, तेव्हा खोगीर शांत होतं आणि बाण तेव्हा सोडायचा. विचार करून हे होत नाही, अंगातच मुरावं लागतं. आणि उजव्या हाताने प्रत्यंचा ओढणाऱ्याला डावीकडे मारणं सोपं, उजवीकडे फार अवघड. म्हणून शत्रूला डाव्या हाताला ठेवून गोल फिरायचं.

आता पश्चिमेचा सरदार डोळ्यांपुढे आणा. खोगीर पुढून-मागून उंच, त्यात तो जवळजवळ खोचून बसलेला. रिकिबी लांब, पाय सरळ. भाल्याची धडक बसली तरी मागे पडू नये म्हणून ही सगळी मांडणी. त्यात कमरेतून मागे वळताच येत नाही. डाव्या हातात लांब ढाल आणि लगाम. धनुष्य धरायचं कुठे? धनुष्य हातात द्यायचं तर आधी त्याचं खोगीर, रिकीब, ढाल आणि घोडा, सगळंच बदलायला हवं.

धनुष्याची लांबी मात्र कारण म्हणून कुणी सांगू नये. जपानी सामुराई दोन मीटरहून लांब धनुष्य घोड्यावरून वापरत. त्याची मूठ मध्याच्या बरीच खाली असते.

बोरूबहाद्दर

वा! धागा रंगतोय. पण मंडळी, पळाल्याचं सोंग करायचं आणि मागे लागलेल्या शत्रूला गाठून मारायचं, हा तर आपला गनिमी कावा. या सगळ्यांनी आपल्याकडे शिकवणी लावायला हवी होती!

तळटीप

बोरूबहाद्दर, अभिमान मलाही आहे, पण दोन्हींची सरमिसळ नको. मराठी स्वारांचा भर भाला आणि तलवारीवर होता. त्यांची ताकद होती चपळाई, मुलखाची माहिती, रसद तोडणं. आपल्या मुलखात घोडेस्वार तिरंदाजी खऱ्या अर्थाने बघायची तर ती मोगल सैन्यात. सतराव्या शतकातला फ्रेंच प्रवासी बर्निए लिहितो की बंदूकवाला दोनदा गोळी झाडेपर्यंत मोगल स्वार सहा बाण सोडतो.

तुम्ही म्हणता तसं पळण्याचं सोंग युरोपात सर्वांत महागात पडलं ते १२०५च्या एप्रिलमध्ये, एड्रियानोपलला. बल्गेरियाचा राजा कालोयान, त्याच्याबरोबर कुमन टोळ्यांचे घोडेस्वार तिरंदाज. समोर चौथ्या क्रुसेडचे सरदार, वर्षभरापूर्वी कॉन्स्टँटिनोपल जिंकून नशेत असलेले. कुमन आले, बाण मारले, पळाले. सरदार मागे लागले, घोडे दमवून परतले. जागा सोडायची नाही असं रात्री ठरलं. दुसऱ्या दिवशी कुमन पुन्हा आले आणि ब्लोआचा काउंट लुई पुन्हा मागे धावला. तो मारला गेला आणि सम्राट बाल्डविन कैद झाला, तो परत आलाच नाही. उतारा माहीत असूनही सरदारांना तो पाळता यायचा नाही. समोर पाठ दाखवणारा शत्रू दिसला की टाच मारल्याशिवाय त्यांना राहवत नसे.

गोधडी

वाचलं सगळं. म्हणजे आदल्या दिवशी फसले, रात्री बैठक घेऊन ठरवलं की फसायचं नाही, आणि सकाळी पुन्हा फसले? आमच्या सोसायटीची सभा अशीच असते. 😄

जुनाजाणता

प्रश्नातच एक गृहीतक आहे, की युरोपने ही विद्या वापरली नाही. माझ्या मते भरपूर वापरली, फक्त स्वतःच्या हातांनी नाही.

पूर्वेकडून सुरू करू. बायझंटाइन, म्हणजे पूर्वेचे रोमन, हेही युरोपच. सहाव्या शतकात त्यांचा सेनापती बेलिसारियसने गॉथांना इटलीत हरवलं तेव्हा त्याने कारण असं दिलं, की आमचे आणि आमच्या हूण मित्रांचे स्वार घोड्यावरून बाण मारतात, गॉथांच्या स्वारांना फक्त भाला आणि तलवार येते, त्यांचे तिरंदाज पायी. प्रोकोपियसने हे नोंदवलंय. सम्राट मॉरिसच्या नावावर असलेल्या इ.स. ६०० सुमाराच्या युद्धग्रंथात तर कवायतच दिली आहे: दौडत एक-दोन बाण सोड, धनुष्य म्यानात घाल, पाठीवरचा भाला हातात घे, मग भाला पाठीवर आणि पुन्हा धनुष्य. चाळिशीच्या आतल्या प्रत्येक रोमन माणसाकडे धनुष्य आणि भाता असलाच पाहिजे, मग त्याला चांगलं येवो की जेमतेम, असा दंडक. म्हणजे एकाच स्वाराला दोन्ही विद्या शिकवता येतात हे सिद्ध झालेलं होतं.

आता पश्चिमेचे लोक. क्रुसेडच्या राज्यांत तुर्कोपोल नावाचे हलके स्वार होते, त्यांतले बरेच तिरंदाज, आणि टेंपलर या लढवय्या साधूंच्या पंथात त्यांच्यावर तुर्कोपोलिए नावाचा स्वतंत्र अधिकारी नेमलेला असे. १२७८च्या ऑगस्टमध्ये मार्खफेल्डला हाब्सबुर्ग घराण्याच्या रुडोल्फने बोहेमियाच्या ओटोकारला संपवलं, तेव्हा हंगेरीचा राजा चौथा लादिस्लाउस याचे कुमन तिरंदाज ओटोकारच्या फळीला बाजूने टोचत होते. निर्णायक घाव घातला लपवून ठेवलेल्या जड स्वारांनी. पण हाब्सबुर्गांचं सहाशे वर्षांचं ऑस्ट्रियातलं राज्य ज्या लढाईने पक्कं झालं, तिच्यात कुमनांच्या बाणांचा वाटा आहे. १४१०ला ग्रुनवाल्डला लिथुएनियाच्या विटाउटासबरोबर जलालुद्दीनचे तातार होते. विटाउटासने वसवलेल्या तातारांचे वंशज आजही पोलंड-लिथुएनियात आहेत.

घरचा मुलगा वर्षानुवर्षं तयार करत बसण्यापेक्षा, ज्यांच्या घरात ही विद्या पिढीजात आहे त्यांना जमीन देऊन वसवा. मला हे अतिशय शहाणपणाचं वाटतं.

कोकणकडा

जुनाजाणता, भाड्याने आणणं आणि अंगीकारणं यांत फरक आहे. प्रश्न सरदारांबद्दल आहे. एक उदाहरण तर उलट बाजूचं. तिसऱ्या एडवर्डच्या काळात इंग्रज सैन्यात ‘घोडेस्वार तिरंदाज’ असा वेगळा वर्ग होता. त्याला दिवसाला ६ पेन्स, पायी तिरंदाजाला ३. दुप्पट पगार. आणि लढाईच्या वेळी हे काय करत? घोड्यावरून उतरत! घोडा फक्त प्रवासाला. फ्रान्सच्या सातव्या चार्ल्सने १४४५ मध्ये कायमचं सैन्य उभं केलं, त्यातल्या प्रत्येक सहाजणांच्या गटात दोन तिरंदाज, तेही तसेच. बरगंडीच्या चार्ल्सने १४७३च्या नियमांत तर उतरायची कवायतच घालून दिली. घोडा आहे, धनुष्य आहे, पगार आहे, आणि तरीही दोन्ही एकत्र येत नाहीत. गवताचं कारण इथे लागू होत नाही, माळरान.

माळरान

लागू होतं. प्रवासाचा घोडा हा भाडोत्री तट्टूसुद्धा चालतो. बाणांच्या पावसात गोल फिरणारा, लगाम सोडल्यावर न बिथरणारा घोडा वेगळा, आणि तसे घोडे कळपाने लागतात.

सायंतारा

मी कलेच्या अंगाने दोन चित्रं मांडते. पहिलं इटलीतल्या अक्विलेयाच्या बॅसिलिकेच्या तळघरात, बाराव्या शतकातलं भित्तिचित्र. चिलखतातला स्वार भाला रोखून पाठलाग करतोय आणि पुढे पळणारा मागे वळून त्याच्यावर बाण सोडतोय. अत्यंत मोजक्या रेषा आहेत. चित्रकाराने ते वळणं कुठेतरी नक्की पाहिलं असणार, किंवा पाहिलेल्याकडून नीट ऐकलं असणार.

दुसरं जास्त महत्त्वाचं. हंगेरीच्या जुन्या राज्यातल्या, म्हणजे आजच्या स्लोव्हाकिया आणि रोमानियातल्या, खेड्यापाड्यांच्या चर्चमध्ये अकराव्या शतकातला राजा संत लादिस्लाउस (मार्खफेल्डचा तो नव्हे) याची कथा भिंतभर रंगवलेली असते. एका कुमनाने मुलगी पळवली आहे, राजा मागे लागलाय. कुमन घोड्यावरून मागे वळून बाण मारतो. राजा कसा दाखवलाय? चिलखत, भाला, डोक्यामागे प्रभावळ. थेट पश्चिमी सरदार. हा लादिस्लाउस ज्या मग्यारांचा राजा, त्यांच्याच खापरपणजोबांच्या बाणांना मोदेना घाबरत होतं. दोन-तीनशे वर्षांत धनुष्य परक्याच्या हातात गेलं. ते परधर्मी माणसाचं लक्षण झालं. म्हणून मी ‘मान’ हे कारण इतक्या सहज सोडणार नाही, खोगीर.

ऑग्सबर्गची चिमणी

सायंताराने माझ्या मनातलंच मांडलं, आणि माळरान, तुमच्या गवताचं काय करायचं ते हंगेरीवरूनच ठरतं. मैदान तेच. गवत तेच. १०००च्या सुमारास राजा इश्तवान ख्रिस्ती होऊन गादीवर बसला, जर्मन सरदार बोलावले, जमिनी आणि गढ्या वाटल्या. हळूहळू मग्यार उमराव जड स्वार झाले. मग १२४१च्या ११ एप्रिलला मोहीला काय झालं? चौथ्या बेलाचं सैन्य शायो नदीच्या काठी, गाड्यांच्या कुंपणात दाटीवाटीने तळ ठोकून. बातू आणि सुबुताई या मोंगल सेनानींनी तळ घेरला, बाणांचा मारा केला आणि एका बाजूला मुद्दाम वाट मोकळी ठेवली. घाबरलेले लोक त्या वाटेने पळाले आणि लांबवर, विखुरल्यावर, टिपून मारले गेले. घोडेस्वार तिरंदाजांचे वंशज घोडेस्वार तिरंदाजांकडून मेले. यात चाऱ्याचा दोष कुठे?

तळटीप

चिमणीने मोहीची ती मोकळी वाट सांगितली, त्यामुळे आता खोगीर यांच्या मूळ प्रश्नाकडे, शिकारीकडे, येते. कारण ती वाट शिकारीतूनच आलेली आहे.

मोंगलांच्या हिवाळी शिकारीत हजारो स्वार मैलोगणती पसरून एक कडं करत आणि आठवडेच्या आठवडे ते आवळत नेत. कड्यातून जनावर निसटलं तर त्या जागच्या अधिकाऱ्याला शिक्षा. शेवटी कडं आवळलं की आधी खान, मग दर्जाप्रमाणे बाकीचे, घोड्यावरून बाण मारत. चंगीझ खानाने ही शिकार सैन्याचं शिक्षणच मानली. निरोप पोचवणं, अंतर राखणं, घाई न करणं, आणि पळत्या जनावरावर धावत्या घोड्यावरून नेम धरणं, सगळं एका खेळात. हीच कमरघा नावाची शिकार अकबराने १५६७ मध्ये लाहोरजवळ केली होती.

आता फ्रान्सचा राजेशाही प्रकार. पहाटे शिकारी एकटा एक कुत्रा घेऊन जंगलात जातो. खुरांचे ठसे, लेंड्या, झाडावर घासलेली शिंगं बघून एकच मोठा नर हरिण निवडतो. मग न्याहारीला जमलेल्या मालकापुढे लेंड्या मांडून वर्णन करतो. त्यानंतर कुत्र्यांच्या तुकड्या टप्प्याटप्प्याने सोडतात, आणि सरदार घोड्यावर तासनतास मागे. हरिण दमून उलटं उभं राहिलं की तलवारीने किंवा भाल्याने शेवट. मग ठरलेल्या विधीने ते फाडायचं, कुत्र्यांचा वाटा कातड्यावर मांडायचा. फ्वाचा काउंट गास्तों फेब्युस याने १३८७ पासून शिकारीवर लिहायला घेतलं, त्यात हा सर्वांत उंच प्रकार. धनुष्याबद्दल तो स्पष्ट म्हणतो की मला त्यातलं फारसं कळत नाही, ज्याला शिकायचंय त्याने इंग्लंडला जावं, तो त्यांचा धंदा आहे.

धनुष्याने शिकार होत होतीच, पण उभं राहून. हिरवे कपडे घालून झाडाला टेकायचं, हाकारे जनावर अंगावर आणतात, तेव्हा बाण सोडायचा. घोडा असला तर आडोशाला. पानांनी झाकलेली गाडीही वापरत, आणि तिची चाकं मुद्दाम करकरायला लावत, म्हणजे हरिण चाकाकडे बघत राहतं. इंग्लंडचा राजा दुसरा विल्यम ११०० मध्ये न्यू फॉरेस्टमध्ये बाण लागून मेला तो अशाच जंगलातल्या शिकारीत.

म्हणजे सरदाराचा मुलगा लहानपणापासून शिकारीत काय शिकतो? जंगलातून फांद्या चुकवत घोडा पळवणं, ओढे उड्या मारून ओलांडणं, शिंगाचे सूर ओळखणं, आणि शेवटी एका जनावरासमोर हातघाईला भिडणं. लढाईत तो तेच करतो. एक शत्रू निवडतो आणि मागे लागतो. ब्लोआच्या लुईने एड्रियानोपलला जे केलं ते अगदी हेच.

बायझंटाइन दरबार मधला. दुसरा योआनिस कोम्निनोस ११४३ मध्ये किलिकियात रानडुकराची शिकार करताना हातात भाला आणि पाठीवर विषारी बाणांचा भाता घेऊन होता. झटापटीत स्वतःच्याच भात्यातला बाण हाताला लागून तो गेला. भाला आणि धनुष्य, दोन्ही एकाच माणसाजवळ. त्यांच्या सैन्यातही तसंच.

खोगीर

तळटीपताई, दंडवत. मला जे नुसतं जाणवत होतं ते तुम्ही पुराव्यानिशी मांडलंत. फेब्युसचं इंग्लंडबद्दलचं म्हणणं मला माहीत नव्हतं. शंभर वर्षांच्या युद्धात इंग्रज तिरंदाजांनी क्रेसीला (१३४६) आणि प्वातिएला (१३५६) फ्रेंचांचं काय केलं हे पाहिलेला माणूस अजूनही ‘तो त्यांचा धंदा’ म्हणून बाजूला होतो. घडणीची पकड किती घट्ट असते बघा.

रपेट

मी मात्र अर्धीच सहमत. शिकार हे कारण की परिणाम? कास्तिलचं पठार उघडं आहे, लोंबार्डी सपाट आहे. तिथे फांद्या आड येत नव्हत्या, तरी घोड्यावरून बाण नाहीत.

आणि घोड्यावरून आडवं धनुष्य मारणारे लोक पश्चिमेत होते हे विसरू नका. इंग्लंडचा राजा जॉन आणि फ्रान्सचा दुसरा फिलिप दोघांनीही घोडेस्वार क्रॉसबोवाले पगारावर ठेवले होते. ग्रानादाच्या सैन्यातही ते होते. पुढे दातेरी चाकाने तार ओढायचं यंत्र आलं, मग खोगिरावर बसूनच धनुष्य भरता येऊ लागलं. वेग नाही, पण नेम धरण्यासाठी आयुष्य घालवावं लागत नाही. मला वाटतं पश्चिमेने आपल्या पद्धतीने या कोड्याचं उत्तर शोधलं होतं.

बोरूबहाद्दर

बाणांनी चिलखत फुटायचं का पण? तेच कुणी सांगेना.

जुनाजाणता

लांबून मारलेल्या हलक्या बाणाने सहसा नाही. सलाउद्दीनचा चरित्रकार बहाउद्दीन ११९१ च्या कूचाचं वर्णन करताना लिहितो की क्रुसेडच्या पायदळातले लोक नमद्याच्या जाड अंगरख्यांवर कड्यांचं चिलखत घालून होते, एकेकाच्या पाठीत दहापर्यंत बाण रुतलेले, आणि तरी ते ओळ न मोडता चालत होते. बाण मुख्यतः घोड्यांना मारत. त्याच कूचात आर्सूफला इंग्लंडचा राजा रिचर्ड याने उजव्या हाताला समुद्र ठेवला आणि घोड्यांच्या बाहेरून पायदळाची भिंत चालवली ती त्यासाठी. तरी पिछाडीच्या हॉस्पिटलर पंथाच्या सरदारांचे इतके घोडे पडले की त्यांनी हुकुमाची वाट न बघता धडक मारली. त्या दिवशी ती लागू पडली. चार वर्षांपूर्वी हत्तीनला पाणीच नव्हतं, तिथे तीच धडक वाया गेली.

माळरान

चिमणीताई, तुमचा हंगेरीचा मुद्दा वजनदार आहे, पण पुढची गोष्ट ऐका. मोंगल परत गेल्यावर बेलाने कुमनांना पुन्हा बोलावून त्याच मैदानात वसवलं, मुलाचं लग्न त्यांच्या राजकन्येशी लावलं. जोवर कुमन तंबूत राहून कळप चारत होते, तोवर ते मार्खफेल्डसारख्या लढाईत तिरंदाज म्हणून उतरले. १२७९ मध्ये पोपच्या दूताने दबाव आणला आणि कुमनांनी तंबू सोडून गावात राहावं, हे चौथ्या लादिस्लाउसला मान्य करावं लागलं. कुमनांनी बंड केलं, हरले, आणि १२९० मध्ये लादिस्लाउसचा खून कुमनांच्याच हातून झाला. त्यांनी इतका जीव टाकला तो कशासाठी? चराऊ रानासाठी आणि कळपांमागे हिंडण्यासाठी. ते गेलं की धनुष्यही जाणार हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

तळटीप

मग सेकेय लोकांचं काय, माळरान? हंगेरीच्या जुन्या राज्यातल्या ट्रान्सिल्व्हानियाच्या (आज रोमानियात) डोंगराळ कडेला गावं करून, शेती करून राहिले. कर माफ, आणि त्याबदल्यात हाक येताच हलके स्वार म्हणून हजर व्हायचं. तंबू नाहीत, मोठे कळप नाहीत, तरी राजाच्या सैन्यात आघाडीला तेच असत. त्यांना जमलं, मग बव्हेरियाच्या शेतकऱ्याला किंवा सरदाराला का जमू नये, याचं उत्तर गवतात सापडत नाही.

माळरान

सेकेयांवर उद्या सविस्तर लिहितो. तोवर धागा बंद करू नका.